बिघाडाचं कारण

"सांग याला! काय दिवे लावलेस ते सांग!"

नवऱ्याने तिची मान धरून तिला टेबलाकडे ढकललं. मधली खुर्ची उलटली आणि तिच्या नडगीवर आपटली. टेबलावर लॅपटॉप होता आणि त्यासमोर दुरुस्तीवाला बसला होता, पन्नाशीचा, चष्मा नाकाच्या शेंड्यावर. त्याने मान वर करून दोघांकडे पाहिलं आणि परत खाली घातली. रोज परक्या घरांत शिरणाऱ्या माणसाला हे न बघणं चांगलं जमतं.

"मी काल अपग्रेड केलं," ती म्हणाली. "लॅपटॉप सारखा विचारत होता, म्हणून हो म्हटलं. तेव्हापासून वाय-फाय गेलंय."

"ऐकलंत? हो म्हटलं म्हणे! अक्कल गहाण टाकलीय हिने." नवऱ्याने हातातला कप भिंतीवर भिरकावला. एक तुकडा दुरुस्तीवाल्याच्या पिशवीत जाऊन पडला. त्याने तो काढून टेबलावर ठेवला.

काल संध्याकाळी नवऱ्याला मॅच बघायची होती आणि नेट लागत नव्हतं. पुढे जे झालं ते नेहमीचंच, फक्त या वेळी त्याच्या हाताला लॅपटॉप लागला. त्याने तो खाडकन मिटला, दोन्ही हातांनी उचलला आणि तिच्या डोक्यात घातला. तिच्या डोळ्यांपुढे काजवे चमकले. केसांतून रक्त मानेवर उतरलं. रात्रभर ती उशीत तोंड खुपसून पडली होती आणि शिव्या कुणाला देत होती, तर स्वतःलाच! कशाला ते बटण दाबलं? गेल्या वेळी दार उघडायला उशीर झाला होता. त्याआधी इस्त्री करताना त्याचा शर्ट जळला होता. आपली चूक नसताना याने एकदा जरी हात उचलला ना, तर तडक निघून जाईन, असं ती मनाशी म्हणायची. पण शोधली की चूक सापडायचीच.

दुरुस्तीवाल्याची एक पद्धत होती. गिऱ्हाईक काय वाटेल ते सांगो, आधी मशीनमधल्या नोंदी वाचायच्या, आणि त्या मोठ्याने वाचायच्या.

"पाच पन्नास, अपग्रेड पूर्ण. पाच बावन्न, वाय-फायचं कार्ड चालू." तो थांबला. "म्हणजे अपग्रेडने काहीच बिघडलेलं नाही. सात एकोणतीस, पासवर्ड चुकला. सात तीस, पासवर्ड चुकला. सात एकतीस, परत चुकला."

"बरं मग?" नवरा म्हणाला.

"अपग्रेडनंतर कधी कधी साठवलेला पासवर्ड पुसला जातो, साहेब. तो परत टाकावा लागतो. टाकणाऱ्याने चुकीचा टाकला, एवढंच. कार्ड ठणठणीत होतं." त्याचं बोट पडद्यावर खाली सरकलं. "सात तेहतीस, झाकण मिटलं. सात सदतीसला उघडलं, तर कार्डच सापडत नाही. जे झालं ते मधल्या चार मिनिटांत."

ती टेबलाला धरून उभी राहिली. पासवर्ड तिला माहीतच नव्हता. तिने फोनवरून माहेरी कुणाशी बोलू नये म्हणून नवऱ्याने तो गेल्याच महिन्यात बदलला होता आणि कुणाला सांगितला नव्हता. आणि शहाणा स्वतःच विसरला होता! नेट तिने घालवलं नव्हतंच. आणि कार्ड गेलं होतं ते त्याने तिला मारलं म्हणून. रात्रभर गाळलेल्या आसवांची तिला भयंकर चीड आली. तळपायाची आग मस्तकात गेली.

दुरुस्तीवाल्याने स्क्रू काढून लॅपटॉपचं मागचं झाकण उघडलं. बोटभर लांबीचं कार्ड जागेवरून निखळलं होतं आणि त्याची वायर तुटली होती.

"नवीन लागेल," तो म्हणाला आणि पिशवीतून फॉर्म काढला. "बिघाडाचं कारण?"

"पडला. लिहा, पडला."

"पडला तर कोपरा चेपतो, साहेब. हा मधोमध चेपलाय."

नवऱ्याने त्याची कॉलर धरून त्याला खुर्चीतून अर्धवट उचललं. चष्मा खाली पडला. "मी सांगतो ते लिहायचं! जास्त शहाणपणा केलास तर थोबाड फोडीन!"

दुरुस्तीवाला काही शूरवीर नव्हता. पण गेली सव्वीस वर्षं तो फॉर्म एकाच पद्धतीने भरत आला होता, आणि भीतीनेसुद्धा त्याला दुसरी पद्धत सुचेना. "वॉरंटी ताईंच्या नावावर आहे," तो कसाबसा म्हणाला. "कारण त्यांनीच सांगायचं असतं."

नवऱ्याने कॉलर सोडली आणि तिचा हात पाठीमागे पिरगाळला. खांद्यात कळ उठली. "म्हण, पडला," तो तिच्या कानाशी म्हणाला. "म्हण, नाहीतर हा गेल्यावर बघतोच तुझ्याकडे."

"कशावर आपटला, ताई?" दुरुस्तीवाल्याने खाली मान घालूनच विचारलं.

तिने सगळा जोर लावून हात सोडवून घेतला. आयुष्यात पहिल्यांदाच. नवरा दोन पावलं मागे कोलमडला आणि उलटलेल्या खुर्चीवर धडकला.

"लिहा," ती म्हणाली. "नवऱ्याने माझ्या डोक्यात घातला. सात तेहतीसला. माझी काहीही चूक नसताना. सही मी खाली रस्त्यावर करते, चला."