अर्धी डिग्री

“परत एकदा,” म्हणत मामांनी गाडी वळवली. “तू तोंड मीट आणि कान उघड.”

भाचीने मांडीवरचा लॅपटॉप घट्ट धरला. बंद कारखान्यामागचा रस्ता सरळसोट आणि मोकळा होता. मामांनी तिसऱ्या गिअरमध्ये पाय दाबला. टर्बोची शीळ चढत गेली, दोघांच्या पाठी सीटला चिकटल्या, आणि मग मामांनी पाय काढून घेतला.

“खडखडली. साडेतीन हजारांवर. ऐकलंस?”

“नाही मामा.”

“कसं ऐकशील? आकडे तुझे आहेत. आपलं लेकरू गळा काढून रडलं तरी आईला वाटतं गातंय.”

आकडे तिचेच होते. टर्बोने इंजिनात किती हवा दाबून भरायची, म्हणजे बूस्ट, आणि ठिणगी नेमकी केव्हा पाडायची, याचा सगळा तक्ता काल तिने एकटीने बसवला होता. धंद्यात त्याला मॅप म्हणतात. ठिणगी जरा लवकर पडली की इंजिन आतून खडखडतं, आणि तरी दामटलं तर पिस्टनला भोक पडतं. उशिरा पडली तर गाडी नुसती तापते, पळत नाही. या दोन्हींच्या मधली जागा केसाएवढी असते. ती मामांना ऐकू यायची. मेकॅनिक लोक त्यांना ‘कान’ म्हणूनच ओळखत.

पण कानांच्या मालकाचे गुडघे गेले होते. बोली साधी होती. भाचीचं काम पटलं तर गॅरेज तिचं. नाही पटलं तर शटर कायमचं खाली, आणि तिने स्पेअर पार्टच्या दुकानातली नोकरी धरायची. आठ वर्षं तिने या गॅरेजात हात काळे केले होते.

“खालून वर सगळीकडे ठिणगी एक डिग्री मागे घे,” मामा म्हणाले. गुडघा सरळ करायला त्यांनी पाय लांबवला आणि पायात येणारी लॅपटॉपची वायर चपलेने बाजूला सारली. “आणि बूस्ट थोडं उतरव.”

तिने आकडे बदलले. उन्हात स्क्रीन दिसेना, म्हणून ओढणी डोक्यावरून लॅपटॉपवर घेतली आणि आकड्यांचा चौकोन स्क्रीनभर मोठा केला.

“बूस्टचा काटा बघू का?”

“त्याच्यावर मी चिकटपट्टी लावलीय. काटा बघणारा माणूस ऐकायचं सोडतो.”

पुढच्या फेरीला गाडी मवाळ झाली. तिलाही ते जाणवलं. मग मामा इंजिनाच्या चारशे-चारशे फेऱ्यांच्या टप्प्याने वर सरकत गेले. इथे अर्धी डिग्री दे. इथली पाव काढ. आता बूस्ट पुन्हा चढव, पण हळू, ताटात वाढल्यासारखं. ती आकडा टाकायची, मामा गाडी हाणायचे, आणि डोळे बारीक करून मान डोलवायचे.

दुपारनंतर तिने मनातल्या मनात भांडणं सोडून दिलं. शीळ आता कुठेच अडखळत नव्हती. खालून येणारा जोर एखाद्या मोठ्या जनावराने अंग झाडून उठावं तसा यायचा आणि तुटायचा नाही. तिच्या हातांवर काटा आला. सकाळी हेच इंजिन होतं, हेच पेट्रोल होतं. म्हातारा नुसता ऐकत होता आणि लोखंड त्याचं ऐकत होतं.

“मामा, हे तुम्हाला कळतं कसं?”

“कळत नाही गं. कुठे दुखतंय ते तीच सांगते. आपण मधे बोलायचं नाही, एवढंच.”

शेवटच्या फेरीनंतर मामांनी गाडी कडेला घेतली. स्टिअरिंगवरून त्यांनी हात फिरवला. डोळे ओले होते.

“चाळीस वर्षांत अशी लागली नव्हती,” ते म्हणाले. “याच्यापुढे हात लावायचा नाही.”

संध्याकाळी दातांचे डॉक्टर गाडी न्यायला आले. गाडी त्यांची. एक चक्कर मारून परतले तेव्हा दार उघडायचंही त्यांना सुचेना.

“लोकांची तोंडं मी उघडी ठेवतो,” ते शेवटी म्हणाले. “आज माझं मिटेना. हे सगळं माझ्या गाडीत होतं?”

“होतंच,” मामा म्हणाले. “जागेवर नव्हतं.”

डॉक्टर गेले. टर्बोची शीळ कोपऱ्यापलीकडे विरेपर्यंत दोघं फाटकात उभी राहिली.

“काल तुझे आकडे होते,” मामा हळूच म्हणाले. “आज हे. फरक कळला?”

“कळला.”

“रागावलीस?”

“रागावू कशाला? असं काही बघायला मिळालं, हेच खूप.” तिने ओढणीने तोंड पुसलं. “तुम्ही म्हणालात तेच खरं. मला तो कान नाही, मामा. शटर घ्या ओढून.”

तिथेच उभं राहून तिने पार्टच्या दुकानदाराला फोन लावला. सोमवारपासून येते, म्हणाली. मामांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि खुर्ची आत घ्यायला गेले.

“आजचे आकडे जपून ठेव गं,” ते आतून ओरडले. “असे परत कुणाला जमायचे नाहीत.”

तिने कट्ट्यावर बसून लॅपटॉप उघडला. मॅपला मामांचं नाव द्यायचं तिने दुपारीच ठरवलं होतं. स्क्रीनभर पसरलेला आकड्यांचा चौकोन तिने लहान केला. त्याच्यामागे सकाळपासून थांबलेली सूचना होती:

‘गाडी जोडलेली नाही. आजचे एकतीस बदल फक्त लॅपटॉपवर आहेत. गाडीत कालचाच मॅप चालू आहे.’