लक्षात राहिलेली चाल

अमेरिकन फुटबॉलच्या आमच्या संघासाठी कॉलेजातले क्वार्टरबॅक, म्हणजे चाली पुकारून चेंडू फेकणारे मुख्य खेळाडू, पारखायला मर्ल आणि मी बसायचो. मर्ल स्वतः जुना क्वार्टरबॅक, उमेदीची सगळी वर्षं डोक्यावर धडका झेलत खेळलेला. पोरांची स्मरणशक्ती जोखायची त्याची रीत ठरलेली होती. आल्या आल्या मैदानावरची एक लांबलचक चाल, कोणी कुठे धावायचं नि चेंडू कुणाकडे जायचा, सांगायची आणि इकडच्या तिकडच्या गप्पा झाल्या की तीच परत विचारायची.

त्या दिवशी आलेल्या टायरेल ब्रुसार्डने ती घडाघडा म्हणून दाखवली.

"शाब्बास!" मर्ल म्हणाला. घोटभर कॉफी प्यायला आणि म्हणाला, "बरं पोरा, मघाशी एक चाल सांगितली होती. आठवतेय का?"

मी मान खाली घातली. टायरेलने मात्र पहिल्यांदाच विचारल्यासारखी ती पुन्हा पहिल्यापासून म्हटली. थोड्या वेळाने आणखी एकदा.

त्याला दारापर्यंत सोडायला गेलो तेव्हा मी म्हणालो, "सांभाळून घेतलंस रे त्याला. दुसरा कोणी हसला असता."

"आमच्या घरी रोजचंच आहे, सर. माझे बाबाही क्वार्टरबॅकच होते."

मग त्याने आशेने माझ्याकडे पाहिलं.

"घ्याल ना मला?"