सातवा रकाना

टीममध्ये नव्यानं आलेल्या मुलीला सगळे नवीच म्हणत; तिच्या पाठीमागून जाताना कर्नलसाहेबांना ती चूक दिसली, आणि हातातला कोमट चहासुद्धा गोड लागला.

तिच्या पडद्यावर कर्नलमधली सगळ्यांत जुनी यादी उघडी होती. कर्नल म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा. वीस वर्षं तो सांभाळला म्हणून ऑफिसात सगळे त्यांना कर्नलसाहेब म्हणत. यादीत बारा रकाने. बाहेरच्या कंपन्यांचे ड्रायव्हर, म्हणजे त्यांची यंत्रं चालवणारे छोटे प्रोग्रॅम, हे रकाने नावानं ओळखत नाहीत, मोजून ओळखतात. तिनं आपला नवा रकाना थेट सातव्या जागी घातला होता. म्हणजे खालचे सगळे एकेक घर सरकले. इथल्या चाचणीत ड्रायव्हरही नव्या यादीप्रमाणे नव्यानं बांधतात, त्यामुळे इथे काहीच बिघडणार नव्हतं. बिघडणार होतं ते जुन्याच ड्रायव्हरवर चालणाऱ्या रुग्णालयांतल्या मॉनिटरवर, तेही सोमवारी नवी आवृत्ती रिलीज झाल्यावर.

त्यांनी अवाक्षर काढलं नाही. हिला येऊन जेमतेम आठ महिने झाले होते. पूर्वी अडलेली माणसं त्यांच्या टेबलाशी यायची, आता हिच्या टेबलाशी जायची. रिलीजनंतर टीमचा प्रमुख नेमायचा होता, आणि तो कोण हे शेंबड्या पोरानंही सांगितलं असतं. कर्नलसाहेबांचा नुसता जळफळाट होत होता. शुक्रवारी शेवटची बैठक. तिथेच, सगळ्यांदेखत, हिला तोंडघशी पाडायचं. रिलीजही वाचेल आणि खुर्चीही. तिचा बदल उघडून नीट वाचण्याची त्यांना गरजच वाटली नाही. वीस वर्षांची नजर होती ती.

"शीळ काय घालताय? लॉटरी लागली का?" घरी बायकोनं विचारलं.

"शुक्रवारी लागेल," ते म्हणाले, आणि पोळी आणखी एक मागून घेतली.

शुक्रवारी मोठ्या साहेबांनी रिवाजाप्रमाणे विचारलं, "कुणाची काही हरकत?"

कर्नलसाहेब उठले. फळ्यावर सावकाश बारा चौकोन काढले आणि सातव्यावर फुली मारली. "रिलीज तोंडावर आलेलं असताना यादीच्या मधोमध रकाना घुसडायचा नसतो. जुने ड्रायव्हर आंधळ्यासारखे मोजत जाणार आणि भलत्याच जागी हात घालणार. कुणाच्या तरी उशाशी मॉनिटर बंद पडेल. एवढं साधं कळू नये?"

मोठ्या साहेबांनी पेन खाली ठेवलं आणि नवीकडे पाहिलं. तिचा चेहरा लाल झाला होता. कर्नलसाहेबांना तो फार आवडला.

"मी घुसडला नाही, सर," ती हळूच म्हणाली. "सातवा रकाना पहिल्यापासून रिकामा होता. मी माझा त्याच मापाचा करून त्या जागी बसवला. काहीच सरकलेलं नाही. जुने ड्रायव्हर लावून मी तीनदा पाहिलंय."

तिनं जुनी यादी भिंतीवरच्या पडद्यावर लावली. "खरं तर माझा धीरच होत नव्हता. पण शेजारी तुमची टीप आहे, पंधरा वर्षांपूर्वीची. ती वाचली आणि मगच हात लावला."

कर्नलसाहेबांनी चष्मा चढवला. टिपेखाली त्यांचंच नाव होतं.

'ही जागा मुद्दाम मोकळी ठेवली आहे. माझ्यानंतर जे कुणी येईल, त्याला लागेल.'