एक्केचाळीस नंबरची बाटली

बाटली खिडकीच्या उजेडात धरून डॉक्टर कालिंदीबाई लहान मुलीसारख्या हसल्या. "भिवामामा, इकडे या. औषध घातलेल्या बाटलीतही उगवलेत!"

परळच्या त्या प्रयोगशाळेत भिवा क्षयाच्या जंतूंचं खाणं बनवायचा. टोपलीभर अंडी फोडायची, घोटायची, बाटल्यांत भरून शिजवायची. मेल्यांचा थाटच तसा! एक्केचाळीसची चिठ्ठी त्यानेच डकवली होती. त्या नंबरामागे त्याची लेक बकुळा आहे, तिच्याच थुंकीतले जंतू आहेत, हे बाईंना ठाऊक नव्हतं. त्या बाटलीत काही उगवू नये म्हणून दीड महिना तो जीव मुठीत धरून होता.

हिरव्या थरावर पिवळट दाणे दाटले होते.

"औषध अर्धवट मिळालं असणार," बाई म्हणाल्या. "दुबळे मेले, चिवट उरले. आता त्यांची पिल्लंही जन्मतःच चिवट. उत्क्रांतीला लाखो वर्षं लागतात असं आम्ही शिकलो, मामा. इथे ती काही महिन्यांत झाली! वारसा कसा उतरतो, हे माणसाला आता हे जंतूच शिकवणार."

खालून संयुक्त महाराष्ट्राचा मोर्चा चालला होता. "झालाच पाहिजे"च्या आरोळीने काचा थरथरल्या.

अर्धवट. दवाखान्याने इंजेक्शनं, गोळ्या दिल्या त्या एकट्या बकुळेपुरत्या. मुलगा आनंदाही खोकायचा; पण गिरणीत कळलं तर घरी बसवतील, म्हणून त्याने नाव लावलं नाही. भिवाची बायको सुंदराबाई उकडलेलं अंडं दोऱ्याने मधोमध कापून दोन्ही लेकरांना द्यायची. औषधही तिने तसंच वाटलं. इंजेक्शनं चाळीतल्या कंपाउंडरकडून निम्मी निम्मी टोचून घेतली. "दोन्ही माझीच की," म्हणाली. भिवाला तेव्हा तिचा अभिमान वाटला होता. आनंदा मे महिन्यात गेला.

"बाई, ह्या पेशंटला मग दुसरं काही...?"

"दुसऱ्या औषधांच्या बाटल्याही उगवल्या. पेशंट काही हाती लागायचा नाही." बाईंनी वही उघडली. "पण हा वाण मरता कामा नये. नव्या बाटल्यांत लावू. ह्यांच्या खाण्यात काटकसर नको हं, मामा."

"नाही करत," भिवा म्हणाला. टोपली पुढे ओढून त्याने एक अख्खं अंडं फोडलं.