तिची पट्टी
न्यूयॉर्कच्या आमच्या कंपनीची रीत होती: गाणं आधी वर्नानं तबकडीवर गायचं, ती ऐकून लॉरेटानं ते शिकायचं आणि बाजारात लॉरेटाचीच रेकॉर्ड यायची. वर्नाला दमा होता. ओळ संपताना तिचा श्वास अडकायचा. लॉरेटानं तो अडकणारा श्वाससुद्धा उचलला. सारी अमेरिका त्यावर वेडी झाली. अखेर वर्नाला स्वतःच्या रेकॉर्डसाठी संधी मिळाली. पियानोवर मी होतो. ती जीव ओतून गायली. कंपनीचे साहेब रेकॉर्डिंगच्या काचेमागून बाहेर आले. "आवाज झकास आहे गं, पण ही तर लॉरेटाची नक्कल! तो अडकणारा श्वासही उचललास?" "साहेब, तो माझा दमा आहे," वर्ना म्हणाली. साहेब हसले. "बरं, आलीच आहेस तर लॉरेटाचं नवीन गाणं गाऊन जा." त्यांनी कोरी तबकडी यंत्रावर चढवली. वर्नानं घसा खाकरत मला विचारलं, "तिची पट्टी कुठली रे?"