चुकीचं आत जात नाही

"अगं, ही चौकट परत लाल झाली!" आई म्हणाली. बाबा गेल्यापासून ती त्यांचाच मोबाइल वापरायची. तिला डोळे तपासायला रुग्णालयाची वेळ घ्यायची होती आणि तिथला फॉर्म वृंदानेच बनवलेला होता. भरलेल्या माहितीची पहिली तपासणी ब्राउझरमध्ये, दुसरी रुग्णालयाच्या सर्व्हरवर. चुकीचं काही आत जातच नाही, असं तिने बाबांना मोठ्या अभिमानाने सांगितलं होतं.

"फक्त अंक लिही ना, आई. खाली लिहिलंय बघ."

"अंकच तर लिहिलेत!"

वृंदाने मोबाइल घेतला. बाबांचा कीबोर्ड मराठी होता. मोबाइल नंबरच्या चौकटीत दहाही अंक नीट होते, सगळे देवनागरी. तिने मात्र दोन्ही तपासण्यांना फक्त इंग्रजी अंक ओळखायला शिकवलं होतं. मराठी शाळेत पाढे पाठ करूनही हे तिच्या मनात आलं नव्हतं.

"त्यांचंही असंच व्हायचं," आई म्हणाली. "मी म्हटलं, वृंदाला विचारा. तर म्हणाले, पोरीने केलेला फॉर्म आहे, माझंच काहीतरी चुकत असणार. मग म्हणाले, राहू दे, छातीत एवढं काही दुखत नाही."

वृंदाला मान वर करवेना. तिने लॅपटॉप उघडून दोन्हीकडचे नियम बदलले आणि मोबाइल आईपुढे धरला.

"बाबांचा नंबर लिहून बघ."

आईने तो न अडखळता लिहिला. चौकट हिरवी झाली.

"बघ," आई म्हणाली, "त्यांचं बरोबरच होतं."