धरणाची आवई

नव्या वर्षात कम्प्युटर बिघडतील आणि मुळशी धरणाचे दरवाजे आपोआप उघडतील, अशी आवई १९९९च्या डिसेंबरात माले गावात उठली. सुलोचनानं घाबरून भाताची पोती माळ्यावर चढवली. तिची म्हातारी सासू सारजाबाई मात्र अंगणात निवांत उन्हाला बसून होती.

"आत्या, तुमाला भ्या न्हाई वाटत?"

"न्हाई गं. तू बी घोर करू नगंस."

सासूच्या त्या शांतपणानं सुलोचनाच्या जिवात जीव आला.

एक तारीख उजाडली. धरण जागच्या जागी होतं. गाव पोट धरून हसलं. सारजाबाई तेवढी तोंडाला पदर लावून हुंदके देत होती.

"आत्या, समदं नीट हाय की! आता कशापायी रडताय?"

"पानी उतरलं असतं, तर धरणाच्या पोटात गेलेलं माजं म्हायेर मरायच्या आदी एकदा दिसलं असतं गं."